अनुभव धागा: 'आउट ऑफ स्टेशन' आणि आपलं घरगुती इंग्रजी

काल भाच्यानं फोनवर कुणाला तरी झोकात सांगितलं, "मामा आउट ऑफ स्टेशन आहेत." मामा म्हणजे मी, शेजारीच भडंग खात बसलेलो. एकदम चौथीतला मी आठवलो. सांगलीत आमच्याकडं नवा फोन आलेला आणि उसनवारीवाल्यांसाठी पप्पांनी हेच वाक्य पढवलेलं. आमचं इंग्रजी पाचवीपासून. ऐन वेळी वाक्य विसरलो आणि मराठी केलं: "पप्पा स्टेशनाबाहेर आहेत." गृहस्थ मिरज स्टेशनवर तासभर हुडकून थेट घरी. दार पप्पांनीच उघडलं.
तुमच्या घरातलं येऊ द्यात.

कृष्णाकाठ: स्टेशनच्या कुठल्या बाजूला हुडकलं? तेव्हा पंढरपूरची छोटी गाडी होती ना, अडीच फुटी रुळांवरची? आज्जी वारीला त्यातनंच जायची.

हळदीकुंकू: आमची सून काही चांगलं बोलली की "टचवूड" म्हणून टेबलाला हात लावते. टेबल प्लॅस्टिकचं. मी आता लाटणंच पुढं करते. कुकर झाला, येते परत.

निवृत्त बाबू: साहेब प्रत्येक अर्जावर "डू द नीडफुल" खरडायचे. इंग्लंडात म्हणे ते कधीच जुनं झालं, आपल्या हापिसात ठणठणीत. नेमकं काय करायचं ते ३० वर्षांत कळालं नाही. फाइल पुढच्या टेबलावर.

गणितवाली: "वन्स इन अ ब्ल्यू मून" आलं की पोरं विचारतात, निळा चंद्र कुठाय? निळाबिळा काही नाही, एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरी ती. म्हटलं, धोंड्याचा महिनाच समजा. चांद्रवर्ष ११ दिवसांनी तोकडं, त्यातनंच दोन्ही निघतात, साधारण पावणेतीन वर्षांनी. २०२३ ला अधिक श्रावण होता आणि ऑगस्टात ब्ल्यू मूनही. मागच्या बाकावरनं आवाज: "म्हंजे मॅडम, आमचं दाजी वन्स इन अ ब्ल्यू मून येत्यात, अनारसं खायला!"

वाईकर जावई: हजर आहे. गेल्या खेपेला सासूबाईंचे अनारसे तुपात हसले, मी गंभीर राहिलो.

हळदीकुंकू: त्यांना म्हणावं, पिठात तांदळाची पिठी थोडी वाढवा.

निवृत्त बाबू: धागाकर्ते, उसने फिटले का?

धागाकर्ता: फिटले. पण पुढं वर्षभर फोन उचलायचं काम ताईकडं.

कृष्णाकाठ: ते ऱ्हाऊ दे, छोट्या गाडीचं कुणी बोलंना झालंय.