डिकॉय असताना जहाजाला पळायची गरज काय?

अंबाझरी_कॅडेट: एनसीसीच्या नेव्हल विंगमधल्या पोरांसमोर नागपुरात अर्धा तास बोलायचं आहे. आपल्या नौदलाच्या मारीचसारखा डिकॉय (फसवं लक्ष्य) जहाजामागे ओढतात, तो आवाज काढतो, टॉर्पेडो तिकडे वळतो. मग जहाज वळवायचं, पळवायचं कशाला? आणि आरबीयू या जहाजावरच्या लाँचरची रॉकेटं टॉर्पेडोवर चालतात का?

खोलपाणी: भाऊ, आधी टॉर्पेडो ऐकू यायला हवा, सगळं त्यावर अडलं आहे. मारीच (नौदलात जून २०२०) म्हणजे नुसता डिकॉय नव्हे. त्यात हायड्रोफोनची (पाण्याखालच्या मायक्रोफोनची) ओढती रांगही आहे, इशारा तीच देते. मात्र आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे साध्या एकेरी रांगेला कळत नाही. ते ठरवायला जहाज वळवावं लागतं, आणि वळल्यावर रांग पुन्हा सरळ होईपर्यंत वेळ जातो.

वेळ किती असतो ते पोरांना फळ्यावर मांडून दाखवा. टॉर्पेडो ५० नॉट (ताशी सागरी मैल), जहाज २८ नॉट, अंतर ५ किलोमीटर. समोरासमोर असतील तर जेमतेम दोन मिनिटं. तेच जहाजाने पाठ फिरवली तर सात मिनिटांहून जास्त. पळण्याचा पहिला फायदा हाच. दुसरा असा की डिकॉयजवळ काहीच सापडलं नाही तर टॉर्पेडो फिरून पुन्हा शोध घेतो. तेव्हा जहाज त्याच्या सोनारच्या (आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्राच्या) टप्प्यात असेल तर डिकॉय फुकट गेला. टॉर्पेडो तारेने पाणबुडीशी जोडलेला असेल, तर पाणबुडीतला माणूसही त्याला डिकॉयपासून बाजूला काढू शकतो.

पण वेग वाढवला की पंख्याभोवती बुडबुडे फुटून आवाज वाढतो आणि आपलीच रांग बहिरी होते. किती पळायचं, ही कॅप्टनची खरी परीक्षा.

चक्री_मार्ग: वेक होमिंग टॉर्पेडो विसरू नका. तो जहाजाचा आवाज शोधत नाही, मागच्या पाण्यातला बुडबुड्यांचा पट्टा हुंगत नागमोडी येतो. आवाजी डिकॉय त्याच्यापुढे निरुपयोगी, त्याला फोडावंच लागतं. आरबीयू-६००० मुळात पाणबुडीविरोधी, पण टॉर्पेडोच्या वाटेतही मारतात: १२ नळ्या, रॉकेट पाण्यात ठरलेल्या खोलीवर फुटतं. अडचण अशी की बहुतेक जहाजांवर तो पुढच्या डेकवर असतो, ऐन मागे मारायला ब्रिजच (जहाज चालवायची उंच खोली) आड येतो. पोरांना आवर्जून सांगा, याच आरजीबी-६० रॉकेटचा पूर्ण स्वदेशी फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) वायडीबी-६० नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हजने २०२३ मध्ये नौदलाला दिला.

अंबाझरी_कॅडेट: आणि चुकवता आलाच नाही तर? जुन्या युद्धनौकांसारखे बाजूचे फुगवटे कामी येतील?

खोलपाणी: नाही. फुगवटे बाजूला आदळणाऱ्या टॉर्पेडोसाठी होते. आताचा मोठा टॉर्पेडो तळाखाली फुटतो. वायूचा फुगा जहाज उचलतो, मग आधार काढून घेतो आणि कणाच मोडतो. २०१० मध्ये दक्षिण कोरियाचं चोनान असंच दुभंगलं, ४६ नौसैनिक गेले. चुंबकीय फ्यूजला चकवायला डीगॉसिंगच्या कॉइलने जहाजाचं चुंबकत्व कमी करतात, पण सोनारवर चालणाऱ्या फ्यूजला त्याने फरक पडत नाही.