लॅपटॉप भयंकर स्लो झालाय, रिसेट मारू का? अर्जंट मदत हवी आहे

रानपाखरू:
लॅपटॉप इतका स्लो झालाय की डेस्कटॉप दिसल्यावरही बराच वेळ काही उघडतच नाही, क्रोमवर क्लिक करून नुसतं गोल फिरताना बघत बसायचं. अँटिव्हायरस चालवून झाला, टेम्प फाइल्स उडवल्या, काडीचा फरक नाही. सोमवारी प्रोजेक्ट द्यायचाय. रिसेट मारला तर पहिल्यासारखा पळेल का? आणि 'कीप माय फाइल्स' केलं तर नक्की काय राहतं? प्लीज लवकर सांगा.

जुना_भिडू:
किती वर्षांचा आहे, रॅम किती, हार्ड डिस्क की एसएसडी (चिपवाली, वेगवान डिस्क), विंडोज कोणतं? काहीच लिहिलं नाहीस, सांगणार काय.

पेंग्विनवाला:
विंडोज काढून टाक आणि लिनक्स मिंट एक्सएफसीई (विंडोजऐवजी चालणारी हलकी सिस्टीम) टाक, माझ्याकडे ४ जीबी रॅमवर मस्त चालतंय. तसाही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

जुना_भिडू:
अरे तिला सोमवारी प्रोजेक्ट द्यायचाय, तू तिला नवी सिस्टीम शिकायला काय लावतोस!

रानपाखरू:
विंडोज १०, आय५, रॅम ८, डिस्क १ टीबी. रिसेट मारू की नको एवढंच सांगा ना, कंटाळले आता.

बिनधास्त:
रॅम १६ कर, विषय संपला.

सेक्टर_शून्य:
रॅम भरलीये का ते तर बघू द्या आधी. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक कर. एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क) लिहिलंय की एसएसडी, किती टक्के आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम किती, हे इथे टाक.

रानपाखरू:
एचडीडी. काहीच उघडलेलं नसताना १०० टक्के, रिस्पॉन्स टाइम ३००० मिलिसेकंदांच्या वर जातोय. मेमरी अर्धी रिकामी आहे. मधूनमधून कट्ट कट्ट वाजतं पण ते फॅनचं असेल, आधीपासून वाजतंय.

सेक्टर_शून्य:
थांब, रिसेट अजिबात मारू नकोस! फॅन घरघरतो, कट्ट कट्ट आवाज बहुतेक डिस्कचा असतो. रिसेटमध्ये विंडोज त्याच डिस्कवर परत लिहिलं जातं, आणि मरायला टेकलेली डिस्क मध्येच अडकली तर ना विंडोज राहील ना फाइल्स. 'कीप माय फाइल्स' मध्ये तुझी डॉक्युमेंट्स, फोटो राहतात पण टाकलेली सॉफ्टवेअर उडतात, आणि खराब सेक्टर (डिस्कवरचे बिघडलेले भाग) जिथल्या तिथे. आधी प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घे, आत्ता. मग बाकीचं. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघ.

बिनधास्त:
चेकडिस्क स्लॅश आर (विंडोजचीच डिस्क तपासायची कमांड) मारलं की खराब सेक्टर बाजूला पडतात, माझं काम झालं होतं त्यानेच.

सेक्टर_शून्य:
बॅकअपच्या आधी नको रे, ते अख्खी डिस्क खरवडून वाचतं. अशा डिस्कची उरलीसुरली ताकद फाइल्स काढण्यात लावायची.

निळी_शाई:
मध्येच विचारतेय, सॉरी. माझ्या लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय आणि क्लिक होत नाही, ड्रायव्हर बदलू का?

जुना_भिडू:
ड्रायव्हर सोडा, खालची बॅटरी फुगली असणार. चार्जर काढा, बंद करा, दाबू किंवा टोचू नका, रिपेअरवाल्याकडून बॅटरी बदलून घ्या.

रानपाखरू:
प्रोजेक्ट निघाला!! क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं कॉशन दाखवतंय, करंट पेंडिंग सेक्टरसमोर (म्हणजे नीट वाचता न येणारे भाग) पण पिवळा ठिपका. फोटो कॉपी करताना एका फोल्डरवर येऊन अडकतं.

सेक्टर_शून्य:
मग नक्की झालं, डिस्कच जातेय. तो फोल्डर सोड, बाकीचे आधी काढ. नंतर अडीच इंची साटा एसएसडी बसव आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह बनवून विंडोज नव्याने टाक, ही डिस्क क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करायच्या भानगडीत पडू नकोस. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलली तरी परत ॲक्टिव्हेट होतं. विंडोज ११ टाकायचं असेल तर आय५ कितव्या जनरेशनचा ते बघ, आठव्याच्या आधीचा असेल तर अधिकृतपणे चालत नाही.

पेंग्विनवाला:
आठव्याच्या आधीचा निघाला तर मिंटचा विचार कर, खरंच सांगतोय. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं.

रानपाखरू:
एक फोल्डर सोडून सगळं आलं. त्यात जुने फोटो आहेत, परत ट्राय करत राहू का?

सेक्टर_शून्य:
नको. बंद कर आणि डिस्क काढून ठेव. फोटो हवेच असतील तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे दे, जितकी कमी फिरलेली असेल तितके जास्त निघायची शक्यता. प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर उघडतोय ना, ते मात्र आजच बघून घे.