मदत हवी आहे : बाबांचा पार्किन्सन्स, आणि आता माझाच दम संपत आलाय

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची वेळ आज आली. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ७९ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आई गेल्यापासून साताऱ्याच्या घरी आम्ही दोघंच. मी पन्नाशीला आलेय, लग्न केलेलं नाही, कॉलेजच्या ऑफिसात नोकरी. मी कामावर असते तेवढा वेळ कामाच्या मावशी असतात, बाकी सगळं माझ्याकडे. भाऊ पिंपरीला, बहीण मस्कतला. दोघं वाईट नाहीत हे आधीच सांगते, नाहीतर धागाभर त्यांचीच धुलाई व्हायची.

आजाराचं मला बऱ्यापैकी कळतं. लिव्होडोपाची (पार्किन्सन्सचं मुख्य औषध) गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, कारण सोबत दूध, डाळ, पनीर गेलं की ती नीट लागू पडत नाही. वेळ पुढेमागे झाली की बाबांच्या चेहऱ्यावरची हालचालच जाते आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात. डोकं, खांदे पुढे झुकलेले, पाय मागेच. घाई केली तर आणखी अडकतात. मग मी मागे कमरेला धरून उभी, आणि गॅसवर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेलेल्या.

पण दिवस कसाही जातो, खरा प्रश्न रात्रीचा आहे. लघवीला उठवतात, कूस बदलायला उठवतात (स्वतःचं स्वतःला वळता येत नाही), कधी पायाखाली गोळा झालेली चादर ओढायला. मला त्यांचा राग येत नाही, त्यांचा काय दोष. पण पुढची हाक कधी येईल या धास्तीनं हाक नसतानाही मी जागीच असते. बीपीची गोळी सुरू झालीय, कंबर गेलीय. डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या. चिठ्ठीवर लिहून दिली असती तर मेडिकलमधून आणली असती!

आणि ज्यासाठी लिहायला बसले ते हे. हल्ली मला काही वाटेनासंच झालंय. पूर्वी बाबांची दाढी करायला मला आवडायचं. ते गाल फुगवून द्यायचे, मी चेष्टा करायचे. आता दाढी म्हणजे अंघोळीच्या आधी उरकायचं काम. मैत्रिणीचा फोन आला की वाजू देते. ‘किती करतेस गं’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावं कळत नाही, आणि ‘तुला काय, मागे संसार नाही’ म्हणणाऱ्यांना द्यावंसं वाटतं ते इथे लिहिता येणार नाही. वाटणी कधी झालीच नाही हो. मी घरात होते, म्हणून सगळं माझ्याकडे आलं.

तर, रात्रीसाठी माणूस ठेवलेला कुणाला अनुभव आहे का? बाबा ‘परका माणूस नको’ म्हणून अडून बसतात, त्यांना कसं वळवलंत? आणि भावंडांशी भांडण न होता बोलायचं कसं? ‘काही लागलं तर सांग’ हे दोघं दर फोनवर म्हणतात. काय सांगू?

ऊनसावली :
ताई, आधी रात्रीचं बघू. न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट सांगा की रात्री कूस वळता येत नाही. रात्री औषधाचा असर उतरतो म्हणूनही तसं होतं, आणि हळूहळू सुटणारी गोळी रात्री देता येते का, ते तेच ठरवतील. आपल्या मनानं डोस हलवू नका. पलंगाशी युरिन पॉट ठेवा. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेतानं. पलंगाच्या मधल्या भागावर सॅटिनचं कापड घाला, अंग सरकायला सोपं जातं. माझे सासरे त्यावर स्वतः वळायला लागले होते.

उंबऱ्यापाशी जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवा, एकेका पावलाच्या अंतरावर. ‘चला’ म्हणण्याऐवजी ‘पट्टी ओलांडा’ म्हणायचं. नवख्याला जादू वाटते, पण पाय उचलला जातो. तालात एक-दोन म्हटलं तरी चालतं. आणि उठवताना काखेत हात घालून ओढू नका, त्यांचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातात. त्यांच्या कमरेला बांधून धरायचा पट्टा मिळतो. फिजिओकडून एकदा शिकून घ्या.

आणखी एक. अचानक दोन दिवसांत फार बिघडले, असंबद्ध बोलू लागले, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका. लघवीचं इन्फेक्शन किंवा साधी बद्धकोष्ठता निघू शकते.

जुना एसटीवाला :
आईवडिलांची सेवा करायला भाग्य लागतं. मन खंबीर ठेवा, सगळं नीट होईल.

धागाकर्ती :
काका, भाग्य आहेच. त्यातलं थोडं पिंपरीलाही पाठवायचा विचार आहे.

तिखटमीठ :
हा हा, अगदी! ‘काही लागलं तर सांग’ याला उत्तर एकच, तारीख सांगायची. ‘मदत करा’ म्हटलं की प्रत्येकाला ती दुसऱ्यानं करायची वाटते. आमच्याकडे मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘अमुक शुक्रवार रात्र ते रविवार रात्र मी घरात नाही, बाबांजवळ कोण?’ आणि खरंच गेले. पहिल्यांदा दादानं दहा फोन केले. दुसऱ्यांदा त्याला गोळ्यांचा डबा सापडला. जाण्याआधी वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा, म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब राहत नाही. मस्कतची बहीण येऊ शकत नसेल तर रात्रीच्या माणसाचे पैसे तिचे. पण सगळ्यात आधी बाबांची पेन्शन त्यांच्यावरच खर्च करा. आपल्याकडे ती ‘साठवायची’ असते, का कोण जाणे. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा पालनपोषणाच्या जबाबदारीत मुलगा-मुलगी, लग्न झालेली-न झालेली असा भेद करत नाही. भावाला धमकी द्यायला नव्हे, ‘तुला काय संसार नाही’वाल्या आत्यांसाठी सांगतेय.

सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा, पण ते ॲडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी. घरातल्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही.

ऊनसावली :
नर्सिंग ब्युरोचा माणूस ठेवताना आधार कार्डाची प्रत, पोलीस पडताळणी, आणि नेमकं काम काय हे कागदावर. ‘पेशंट बघायचा’ एवढंच ठरलं तर तो रात्रभर मोबाइल बघतो. पहिल्या काही रात्री तुम्हीही घरात असा, पण हाकेला त्यालाच उठू द्या. हे अवघड जातं बरं का, आपलेच पाय आधी खाली येतात. बाबांना ‘तुमच्यासाठी माणूस’ म्हणू नका. ‘माझी कंबर धरलीय, मला उचलता येत नाही, मला मदतीला घेतलाय’ म्हणा. खोटंही नाही ते.

काही वाटेनासं होणं मलाही झालं होतं. मला वाटलं मी दगड झाले. झोपेची थकबाकी होती, आणि थोडं नैराश्यही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. तो फक्त टोकाच्या वेळेसाठी नाही. आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ गाठा. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. उंबऱ्यापाशी किती वेळ उभं राहावं लागतं हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, हाच मोठा आराम.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. पट्ट्या आज लावल्या, मावशींनी विचारलं रांगोळी का काढलीय. बाबांनी पहिली ओलांडली, दुसरीवर अडले, मग हसायला लागले.

भावाला तारीख कळवलीय, पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार. ‘बघतो’ असं उत्तर आलंय. तिखटमीठ, ‘बघतो’ला काय म्हणायचं?

तिखटमीठ :
‘बरं, एसटीचं रिझर्व्हेशन केलंय’ म्हणायचं. आणि आधी खरंच करायचं.