विषय: पॉवरबॉलच्या बदलाला विरोध – नावं हवीत, शुक्रवारपर्यंत

प्रेषक: नाना (जॅक्सन हाइट्स)

मंडळी,

पिकनिकला ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना माहीत आहेच. ते पत्र लिहून तयार आहे, शुक्रवारी संध्याकाळी पाठवतोय. नावं हवीत. जमलं तर मंडळाचं लेटरहेडही हवं, म्हणजे कमिशनवाले नीट वाचतील.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: न्यूयॉर्कच्या गेमिंग कमिशनने, म्हणजे राज्याच्या लॉटरीवर देखरेख करणाऱ्या खात्याने, पॉवरबॉल या लॉटरीच्या नियमबदलावर लोकांच्या हरकती मागवल्या आहेत. पॉवरबॉलमध्ये पाच पांढरे आणि एक लाल चेंडू जुळले की जॅकपॉट, म्हणजे सगळ्यांत मोठं बक्षीस लागतं. ऑक्टोबर २०१५ पासून पांढरे चेंडू ५९ चे ६९ होणार आणि लाल ३५ चे २६. जॅकपॉट लागायची शक्यता आज १७ कोटी ५२ लाखांत एक आहे, ती २९ कोटी २२ लाखांत एक होणार. तिकीट मात्र दोन डॉलरचंच. सांगताना सांगतात की कुठलं ना कुठलं बक्षीस लागायची शक्यता वाढते, ३२ त एकची २५ त एक होते. पण वाढते ती मुख्यतः नुसता लाल चेंडू जुळल्यावर मिळणाऱ्या चार डॉलरची. दहा हजारांचं बक्षीस पन्नास हजारांचं होतंय हे खरं आहे आणि ते मी पत्रात लिहिलंय. पण पाचही पांढरे जुळले की दहा लाख डॉलर मिळतात, त्याची शक्यता ५१ लाख ५४ हजारांत एक होती, ती १ कोटी १७ लाखांत एक होणार. हे कुणी बोलतच नाही.

७४व्या रस्त्यावर स्टेशनखालचा पेपरवाला आहे, त्याच्याकडे एक आजोबा दर बुधवारी पेन्सिलीने स्लिप भरतात. नातवंडांच्या जन्मतारखा. लाल चेंडूला कायम २९, धाकट्या नातीची तारीख. परवा मी त्यांना सांगितलं की ऑक्टोबरपासून लाल रकान्यात २६ च्या पुढे घरच नसेल. ते बराच वेळ स्लिपकडे बघत राहिले, मग म्हणाले, मग मी काय भरू? त्यांच्या वतीने कमिशनला कोण लिहिणार आहे?

नाव, गाव आणि झिपकोड एवढंच पाठवा.

नाना

---

प्रेषक: अपर्णा (सचिव)

नाना, नमस्कार.

लेटरहेड देता येणार नाही. एक तर कार्यकारिणीत ठराव झालेला नाही आणि पुढची बैठक गणपतीच्या तयारीची आहे, त्यात हा विषय घेता येणार नाही. दुसरं म्हणजे आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त संस्था आहोत. सरकारदरबारी अशी पत्रं मंडळाच्या नावाने गेली तर करमुक्त दर्जावर बालंट येईल. मागे शाळेच्या सुट्टीच्या पत्रावरून काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल, पुन्हा उगाळत नाही.

नावं थेट नानांना पाठवावीत, यादीवर नको. यादी गणपतीच्या कामासाठी मोकळी ठेवू या. हॉलच्या डिपॉझिटचा दुसरा चेक अजून गेलेला नाही. ज्यांच्याकडे वर्गणी बाकी आहे त्यांनी कृपया या आठवड्यात द्यावी, गणपती १७ सप्टेंबरला आहेत.

अपर्णा

---

प्रेषक: मंदार

अपर्णाताई, करमुक्त दर्जाबद्दल थोडं स्पष्ट करतो, कारण दर वेळी हीच भीती पुढे येते.

आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) ज्याला लॉबिंग म्हणतं ते कायदे करणाऱ्यांवर दबाव आणणं, म्हणजे काँग्रेस, राज्याची विधानसभा, गावाची कौन्सिल. एखाद्या सरकारी कमिशनने नियमावर हरकती मागवल्या आणि आपण हरकत पाठवली, तर ते त्यात धरलं जात नाही. त्यामुळे नानांच्या पत्राने दर्जा जायचा प्रश्न नाही. लेटरहेड द्यायचं की नाही हा कार्यकारिणीचा अधिकार आहे, तो मला मान्य आहे. पण नकाराचं कारण ठराव नाही हे असावं, आयआरएस हे नसावं. नाहीतर उद्या कुणी लायब्ररीच्या वेळांबद्दल पत्र लिहायला निघालं तरी हेच कारण दिलं जाईल.

आणि नियमांची इतकीच काळजी असेल तर गेल्या वर्षीच्या रॅफलचं, म्हणजे बक्षिसाच्या सोडतीचं काय? एडिसनला हॉलच्या दारात तिकिटं विकली, त्याचा परवाना कुणी काढला होता? माझं नाव घाला नाना, माझा पत्ता जर्सीचा आहे, चालेल ना?

मंदार

---

प्रेषक: शैलाताई

मंदार, रॅफलचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे होतं, म्हणून मीच उत्तर देते. न्यू जर्सीत रॅफलसाठी आधी गेम्स ऑफ चान्सच्या कमिशनकडे संस्थेची नोंदणी लागते, तिचा नंबर मिळतो, मग ज्या टाउनशिपमध्ये रॅफल आहे तिथला परवाना. दोन्ही कागद घेऊन मी टाउनशिपच्या क्लार्ककडे गेले होते, परवान्याची प्रत फाइलमध्ये आहे. पैठणीचं बक्षीस सगळ्यांसमोर काढलं, चिठ्ठी काढणारा मुलगाही मंडळाबाहेरचा होता. ज्यांना शंका आहे त्यांनी घरी येऊन फाइल बघावी, चहा देईन.

या वर्षी रॅफल करायचं असेल तर अर्ज आत्ता जायला हवा. आयत्या वेळी मला फोन करू नये.

शैला

---

प्रेषक: उदय

मला या सगळ्यात पडायचं नव्हतं, पण नानांच्या पत्राबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नाना, १७ कोटींत एक आणि २९ कोटींत एक यांत एका माणसाला काय फरक पडतो? दोन्ही वेळेला त्याला लागणार नाही. उलट जॅकपॉट मोठा झाला की जास्त लोक तिकीट काढतात आणि पैसा राज्याच्या शिक्षणाला जातो. न्यूयॉर्कची लॉटरी १९६७ साली सुरू झाली ती शाळांसाठीच. आणि पॉवरबॉल ४४ राज्यांत खेळतात, एकट्या न्यूयॉर्कने नको म्हणून तो थांबणार आहे का?

माझे वडील दादरला ऑफिसातून येताना महाराष्ट्र लॉटरीचं तिकीट घ्यायचे, दिवाळी बंपरचं तर हमखास. निकालाच्या दिवशी पेपर आधी त्यांच्या हातात. एकदाही काही लागलं नाही आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही. रविवारी सकाळी ते तिकीट पाकिटातून काढून बघायचे, त्यातच त्यांचा आनंद होता. शक्यता किती हे त्यांनी कधी विचारलं नाही. मोठं स्वप्न दाखवलं तर कुणाचं काय बिघडतं?

उदय

---

प्रेषक: नाना

उदय, तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो, गिरगावच्या कार्यक्रमाला ते पुढच्या रांगेत असायचे. म्हणूनच सविस्तर लिहितो.

त्यांच्या तिकिटावर मालिका आणि नंबर छापलेला होता. जितकी तिकिटं छापली तितक्यांतूनच सोडत. उद्या सरकारने त्याच किमतीत, तेच तिकीट, पण सोडतीत जवळपास पावणेदोनपट नंबर टाकले असते तर त्यांनी विचारलं नसतं? त्यांनी नसतं विचारलं तर मी विचारलं असतं.

एका माणसाला फरक पडत नाही हे मला पटत नाही. एका सोडतीला दहा कोटी तिकिटं गेली असं धर आणि आकडे विखुरलेले आहेत असं समज. आजच्या हिशेबाने शंभर वेळांत साधारण ४३ वेळा कुणाला तरी जॅकपॉट लागेल. नव्या हिशेबाने २९ वेळा. म्हणजे जास्त वेळा कुणालाच लागणार नाही, रक्कम पुढच्या सोडतीत जाणार, बोर्डावरचा आकडा फुगणार. बदल याचसाठी आहे. आकडा तीस-चाळीस कोटींवर गेल्याशिवाय लोक आता ढुंकून बघत नाहीत, म्हणून तो फुगवायचा आणि त्याचा खर्च दर आठवड्याला तिकीट काढणाऱ्याने द्यायचा. तू किंवा मी वर्षातून एकदा, बातम्यांत आल्यावर तिकीट काढतो. पेपरवाल्याकडे दर बुधवारी आणि शनिवारी येतात ते रात्रपाळीचे लोक, पेन्शनवाले, घरकाम करणाऱ्या बायका. रक्कम लहान असतानाही तेच खेळतात. पाचाच्या नोटेतून दोन डॉलर देतात आणि उरलेल्या पैशाची कॉफी घेतात, मी रोज बघतो.

मेगा मिलियन्स या दुसऱ्या मोठ्या लॉटरीने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये हेच केलं. १७ कोटी ५७ लाखांवरून थेट २५ कोटी ८९ लाखांत एक. तेव्हा आपण कुणी एक ओळ लिहिली नाही. २०१२ ला पॉवरबॉलचं तिकीट एकाचं दोन डॉलर झालं, तेव्हाही नाही. दर दोन-तीन वर्षांनी एक पायरी, आणि दर वेळी म्हणायचं की लोकांची तक्रार नव्हती. तक्रार होती हे या वेळी कागदावर यायला हवं. ४४ राज्यांतलं एक राज्य म्हणतोस, पण हरकत मागितली आहे न्यूयॉर्कने, म्हणून न्यूयॉर्कला लिहितोय.

शाळांचं म्हणशील तर शाळांना पैसा हवा असेल तर उघड कर लावा, मी भरीन. गरिबाची शक्यता कमी करून शाळा चालवणं मला मान्य नाही.

मंदार, जर्सीचा पत्ता चालेल. तुम्ही लोक न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला लॉटरीचं तिकीट काढता हे मला माहीत आहे.

नाना

---

प्रेषक: वंदना (एडिसन)

पेन स्टेशनचा विषय निघालाच आहे तर, आमच्या ७:१२ च्या गाडीच्या पूलमधल्या (पैसे एकत्र करून लॉटरीची तिकिटं काढणाऱ्या गटातल्या) लोकांसाठी लिहिते, ते सगळे याच यादीवर आहेत.

गेल्या महिन्यापासून तिकिटं कुणाकडे असतात हे कळत नाही. आधी उन्मेष फोटो काढून सगळ्यांना पाठवायचा, आता पाठवत नाही. ओशन काउंटीच्या गॅरेजमधल्या १६ जणांना २०१३ मध्ये जॅकपॉटचा तिसरा हिस्सा मिळाला ते सगळ्यांना आठवतं. पण आपल्या जर्सीतच एका बांधकाम कामगाराने पूलचं तिकीट स्वतःचं म्हणून वटवलं आणि २०१२ मध्ये ज्युरीने सहकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, तेही आठवावं. आपण एकमेकांची मुलं शाळेतून आणतो, विश्वासाचा प्रश्न नाही. पण लेखी असायला हवं: कोण आत आहे, कुणी पैसे दिले, तिकिटाची प्रत सगळ्यांकडे.

नाना, तुमच्या आकड्यांनंतर एक विचारते. शक्यता इतकी खाली जाणार असेल तर पूल चालू ठेवायचा की नाही? माझे यजमान म्हणतात बंद करा. मला वाटतं चालू ठेवावा, पण रक्कम वाढवू नये. नव्या नियमाने तिकिटं वाढवू असं कुणीतरी गाडीत म्हणत होतं, त्याला माझा विरोध आहे.

पत्रात माझं नाव घाला.

वंदना

---

प्रेषक: उदय

वंदनाताई, पसेइकच्या बोडेगावाल्याला (छोट्या किराणा दुकानदाराला) २०१३ मध्ये ३३ कोटी ८० लाख डॉलरचा जॅकपॉट लागला, तो एकटाच होता, त्याने पूल केला नव्हता. बाकी नानांच्या हिशेबाबद्दल: ४३ आणि २९ मी स्वतः मांडून पाहिले, बरोबर आहेत. दहा लाखांच्या बक्षिसाचं मला माहीत नव्हतं. पण शाळांबद्दल माझं मत बदललेलं नाही. उघड कर लावला तर कुणी निवडून येत नाही हे नानांनाही ठाऊक आहे.

उदय

---

प्रेषक: अपर्णा (सचिव)

सर्वांना विनंती. पूलचा हिशेब पूलवाल्यांनी आपापसात करावा, मंडळाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही हे इथे नोंदवून ठेवते. उद्या कुणी म्हणायला नको की मंडळाच्या यादीवर ठरलं होतं.

मंदार, आयआरएसबद्दल तू लिहिलंस ते खजिनदारांना दाखवलं. त्यांचंही म्हणणं तेच आहे. पण ठराव नाही, म्हणून लेटरहेड नाही. नानांनी पत्र वैयक्तिक नावांनी पाठवावं, त्यात "मंडळाचे सभासद" असाही उल्लेख नको. शैलाताई, रॅफलचा अर्ज पाठवा, कार्यकारिणीच्या वतीने मी सही करते. हॉलचा चेक अजूनही गेलेला नाही.

अपर्णा

---

प्रेषक: नाना

अपर्णा, ठीक. मंडळाचं नाव काढलं. पत्राचा शेवटचा परिच्छेद आता असा आहे, ज्यांनी नाव दिलंय त्यांनी वाचून घ्यावा:

"आम्ही न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत राहतो, इथे कर भरतो आणि इथेच तिकीट काढतो. दहा लाखांचं बक्षीस लागायची शक्यता निम्म्याहून कमी होते आहे, हे आपल्या जाहिरातीत आणि प्रत्येक दुकानात ठळक लिहावं. जॅकपॉटची शक्यता घटणार असेल तर तिकिटाची किंमतही घटवावी. हे दोन्ही करायचं नसेल तर आजचेच ५९ आणि ३५ चेंडू कायम ठेवावेत."

उदय, शाळांबद्दलचं वाक्य मी पत्रातून काढलंय. त्यावर आपलं जमणार नाही, आणि पत्र त्यासाठी नाही. पहिल्या दोन मागण्यांवर तू सही करशील का? तुझा आक्षेप त्यांना लागू होत नाही.

वंदना, पूल चालू ठेव, रक्कम वाढवू नकोस.

नाना

---

प्रेषक: उदय

जाहिरातीत लिहायच्या मागणीला माझी सही आहे. किमतीच्या मागणीला नाही. तसं वेगळं दाखवता येत असेल तर नाव घाला, झिपकोड ११८०१.

---

प्रेषक: शैलाताई

दाखवता येईल, नावापुढे कंसात लिहा. नाना, माझंही घाला, दोन्ही मागण्यांना. रॅफलचा अर्ज उद्या पोस्टात टाकते. या वर्षी पैठणी कोण आणणार आहे ते मात्र आजच सांगा, ऑगस्टमध्ये पुण्याहून येणारं कुणी असेल तर.