मदत हवी आहे : चार वर्षांच्या लेकीसाठी घुबडाचा पोशाख, पिसं टिकत नाहीत

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहतो. लेकीला यंदा हॅलोवीनला घुबड व्हायचंय, तेही आमच्या मागच्या ओकवर येतं तेच. ते बार्ड आउल आहे. झोपायच्या वेळी ते घुमायला लागलं की ही पांघरूण टाकून खिडकीशी पळते. इथले लोक त्या आवाजाचं 'हू कुक्स फॉर यू' करतात, हिने 'कुठे गेलीस तू' केलंय. या घुबडाला डोक्यावर शिंगांसारखे तुरे नसतात आणि डोळे काळेभोर असतात. दुकानात मी पाहिलेले सगळे पोशाख पिवळ्या डोळ्यांचे, त्यामुळे ते बाद. गळ्याशी आडव्या पट्ट्या आणि पोटावर उभ्या रेघा असतात, हेही तिने नीट बघून ठेवलंय.

मला बटण लावण्यापलीकडे शिवण येत नाही. घरात मशीन नाही. उन्हाळ्यात आई आली होती, तिने गोधडीसाठी म्हणून एक तपकिरी सुती साडी ठेवली होती. ती कापून दोन-दोन इंचांची दीडेकशे पिसं केली आणि लेकीच्या जुन्या हूडीवर ग्लू गनने चिकटवली. घरात फार सुंदर दिसत होतं. रविवारी सकाळी अंगणात गेलो, तापमान शून्याच्या आसपास. तिने हात फडफडवत चार उड्या मारल्या आणि पाठीवरची पिसं गळायला लागली. गोंद थंडीने कडक होऊन पापुद्र्यासारखा सुटत होता. ती रडली नाही. खाली बसून एकेक पीस वेचून माझ्या खिशात भरत राहिली. मला ते बघवेना.

शिवाय पिसांच्या कडांचे दोरे सुटतायत. आणि थंडीचा प्रश्न आहेच. १९९१ च्या हॅलोवीनला सुरू झालेल्या वादळात मिनियापोलिसमध्ये २८.४ इंच बर्फ पडला होता, शेजारचे आजोबा दरवर्षी न चुकता सांगतात. जाड जॅकेट घालावंच लागणार. ते पोशाखावरून घातलं तर घुबड दिसणार कुणाला? आतून घातलं तर हूडी चढत नाही. शाळेत मुखवटा चालत नाही, मग डोळे कुठे दाखवू?

हातात अकरा दिवस आहेत. रात्री ती झोपल्यावर तासभर बसू शकतो. हातशिलाईने जमेल असं काही सुचवा, अगदी सुईत दोरा कोणता घालायचा इथपासून सांगितलंत तरी चालेल.

प्रतिसाद १

दादा, सुटी पिसं लावूच नका. उरलेली साडी चार इंच रुंदीच्या पट्ट्यांमध्ये फाडा. कात्रीने फक्त छेद द्या आणि हाताने फाडा, सुती कापड धाग्याला धरून सरळ फाटतं. मग पट्टीच्या एका कडेला अडीच इंच खोल त्रिकोणी दात कापा. तिरक्या कापाचे दोरे सरळ कापापेक्षा कमी सुटतात. एका पट्टीत वीसेक पिसं होतात आणि शिवायची फक्त वरची कड.

हूडी सोडा. फ्लीसचं जुनं ब्लँकेट असेल तर जॅकेट घालून तिचे हात पसरायला लावा, मनगटापासून मनगटापर्यंत माप घ्या आणि तेवढ्या व्यासाचा अर्धगोल कापा. मध्ये मानेची खाच. फ्लीसच्या कडा उसवत नाहीत, दुमडायचंही काम नाही. जॅकेट आत, पंख वर. पहिली पट्टी सगळ्यात खाली लावा, पुढची तिच्या दोन इंच वर, म्हणजे वरची पिसं खालची शिवण झाकतात. वरून सुरुवात केलीत तर सगळे टाके उघडे पडतील.

टाका साधा धावदोरा, गोधडीला घालतात तोच. दुहेरी दोरा घ्या आणि दर वीतभर अंतरावर एक उलटा टाका (सुई थोडी मागे घालून पुढे काढायची) मारून पक्कं करा, म्हणजे एक ठिकाणी तुटलं तरी सगळी रांग उसवणार नाही. पोटासाठी लाळेऱ्यासारखा वेगळा तुकडा करा, त्यावर वर आडव्या आणि खाली उभ्या पट्ट्या. मनगटाला इलास्टिकची एकेक कडी लावा, हात उचलला की पंख उघडतील.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण पातळ सुती कापड चटकन पेटतं आणि त्या दिवशी पायऱ्यांवर भोपळ्यांमध्ये मेणबत्त्या असतात. पंख गुडघ्याच्या वरच संपवा, खालच्या दोन रांगा लोकरीच्या फेल्टच्या (दाबून केलेल्या जाड कापडाच्या) करा आणि पेटत्या भोपळ्यापासून तिला लांबच ठेवा. मानेशी नाडी बांधू नका, वेल्क्रो लावा. कुठे अडकलं तर ओढल्यावर सुटलं पाहिजे. पंखांच्या आतल्या बाजूला चमकणारी टेप शिवा, हात उघडले की गाडीच्या दिव्यात दिसेल.

गाडीतून जाणार असाल तर कार सीटमध्ये बसवताना पंख आणि जाड जॅकेट दोन्ही काढायचं. पट्टा अंगाशी घट्ट बसायला हवा.

डोळ्यांसाठी विणलेली टोपी घ्या, कपाळावर राखाडी फेल्टच्या दोन मोठ्या गोल चकत्या, त्यावर काळ्या बाहुल्या. चोच मध्ये, पिवळट फेल्टची दुहेरी. चेहरा पूर्ण उघडा राहतो, शाळेचीही हरकत नसावी.

धागाकर्ता

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री तीन रांगा झाल्या. आईला व्हिडिओ कॉल केला, तिने आधी 'अगबाई, घुबड?' म्हणून कपाळाला हात लावला. मग लेकीने आवाज काढून दाखवला तेव्हा तिनेच फोनसमोर सुई धरून उलटा टाका शिकवला. माझे टाके वाकडे आहेत, पण रांग ओढून पाहिली, हलत नाही.

आज सकाळी पुन्हा अंगणात चाचणी घेतली. बाईसाहेबांनी अकरा उड्या मारल्या, एकही पीस पडलं नाही. तिने स्वतः मोजल्या. त्या दिवशी वेचलेली पिसं अजून माझ्या जॅकेटच्या खिशात आहेत, ती टोपीला मागून लावायची असं तिने ठरवलंय. विणलेल्या टोपीला शिवताना टाका आवळला की वीण गोळा होतेय आणि टोपी डोक्यात जात नाही. यावर काय करू?