मदत हवी आहे : नोडचं जुनं पुस्तक पुढं न्यावं की सोडावं?

राम राम मंडळी. मी लातूरचा. वडलांची मोंढ्यात आडत आहे. सोयाबीन-तुरीचे रोजचे भाव आणि पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाचे हिशेब) वहीतच असतात, त्या ब्राउझरवर दिसाव्यात म्हणून नोड (नोड.जेएस, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) शिकायला घेतलंय. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून जुनं पुस्तक आणलं, स्वस्तात मिळालं. (आता कळतंय स्वस्त का होतं ते!)

पहिली प्रकरणं झकास गेली. २००९ ला रायन डालनं क्रोम ब्राउझरचं जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-८ इंजिन सर्व्हरवर कसं आणलं, एकाच थ्रेडवर इव्हेंट लूप कसा फिरतो, हे समजलं. आमच्या मुनीमासारखंच की, एकाचं पोतं काट्यावर असताना दुसऱ्याची पट्टी लिहायची.

पण हात घातला की अडतंय. फाइल वाचून भाव छापायला गेलो तर ‘अनडिफाइन्ड’. छापायची ओळ कॉलबॅकच्या (फाइल वाचून झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) बाहेर होती, हे दोन रात्री घालवल्यावर दिसलं. पुढं पुस्तकातलं एक्सप्रेसचं (नोडवर वेबसाइट बनवायच्या चौकटीचं) बॉडीपार्सर, म्हणजे फॉर्ममधून आलेली माहिती वाचणारा भाग, जसंच्या तसं लिहिलं तर सर्व्हर उठतच नाही. एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीत ते काढलं म्हणे. आणि पॅकेज फाइलमध्ये टाइप मॉड्यूल (म्हणजे इम्पोर्टची नवी पद्धत) केल्यापासून ‘रिक्वायर इज नॉट डिफाइन्ड’.

कॉलबॅक पक्के करूनच प्रॉमिस, असिंक-अवेट या कॉलबॅकऐवजीच्या नव्या पद्धतींकडं जावं, का थेट तिकडंच? पुस्तकासाठी नोडची जुनी आवृत्ती टाकणं शहाणपणाचं आहे का? आणि भावांच्या नोंदींना एसक्यूलाइट (एकाच फाइलमधला छोटा डेटाबेस) पुरेल ना?

इंग्रजी व्हिडिओ नका सुचवू भाऊ, वाचूनच डोक्यात बसतं माझ्या.