पाटी, सनद आणि सही: सोसायटी ग्रुपवर सीए निवडण्याची चर्चा

बी-१०२: नमस्कार मंडळी. सासऱ्यांच्या आयकराच्या कामाला नवीन सीए बघायचाय. पेन्शन आहे, देवगडकडे आंब्याची बाग, थोडे काजू, आणि तारकर्लीला दोन खोल्यांचा होमस्टे. इंग्रजी घरात कुणाचंच पक्कं नाही. कागद सगळे इंग्रजीत आणि सही आपली. कुणाचे नंबर नकोत, माणूस पारखायचा कसा ते सांगा.

ए-३०४: वहिनी, आधी पाटी आणि सनद यांतला फरक. पाटीवर ‘टॅक्स कन्सल्टंट’, ‘जीएसटी सल्लागार’, ‘अकाउंटंट’ असलेला प्रत्येक जण सीए नसतो. सीए म्हणजे सनदी लेखापाल. सनद देते आयसीएआय, १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था. ‘सीए इंटर केलंय’, ‘इतकी वर्षं सीएंच्या ऑफिसात होतो’ या ओळखी वाईट नाहीत, पण ती सनद नव्हे.

साध्या रिटर्नला सीएच लागतो असंही नाही. कर सल्लागार भरून देतो, आपणही भरू शकतो. टॅक्स ऑडिट, म्हणजे आयकरासाठी धंद्याच्या हिशेबाची तपासणी, आलं की मात्र सीएशिवाय गत्यंतर नाही. धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की ते लागतं. रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा १० कोटी.

बी-००३: माका इंग्रजी वाचूक येता, पण अर्थ लागणा नाय. मगे सनद खरी की खोटी ह्यां कळतला कसां?

ए-३०४: मामा, त्याला इंग्रजी लागतच नाही, आकडे वाचता आले की झालं.

पहिला आकडा सदस्य क्रमांक, सहा अंकी. तो लेटरहेडवर आणि शिक्क्याखाली असतो. आयसीएआयच्या संकेतस्थळावर सदस्य शोधायची सोय आहे, तिथे तपासा. नाव जुळलं म्हणून थांबू नका, त्या माणसाकडे ‘सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस’ आहे का तेही बघा. कंपनीत नोकरी करणारा सीएही सदस्य असतो. पण हे प्रमाणपत्र नसेल तर तो बाहेरच्यांचं ऑडिट करू शकत नाही की दाखल्यावर सीए म्हणून सही करू शकत नाही.

दुसरा फर्मचा नोंदणी क्रमांक. आपल्या पश्चिम विभागात त्याच्या शेवटी ‘डब्ल्यू’ असतो.

तिसरा यूडीआयएन, म्हणजे सीएने सही केलेल्या प्रत्येक कागदाचा वेगळा ओळख क्रमांक. लोक नेमका हाच विसरतात. सीएने दिलेला दाखला असो वा ऑडिट रिपोर्ट, त्यावर हा १८ अंक-अक्षरांचा क्रमांक लागतोच. दाखल्यांना १ फेब्रुवारी २०१९ पासून, टॅक्स ऑडिटला त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून, बाकीच्या ऑडिटला १ जुलैपासून. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा सीएचा सदस्य क्रमांक, उरलेले दहा यंत्राने दिलेले. म्हणजे कागद हातात आला की शिक्क्याखालचे सहा आकडे आणि यूडीआयएनमधले तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे आकडे जुळवा. जुळले नाहीत तर तिथेच थांबा. जुळले तर यूडीआयएनच्या संकेतस्थळावर टाकून खात्री करा. बँकेला नेट वर्थचा (मालमत्तेतून देणी वजा जाऊन उरतं त्याचा) दाखला द्यायचा असेल तर हे घरीच उरका. बँकेत कागद परत आला की दुसरी खेप पडते.

ए-१०१: एवढं कशाला काका? मोबाइलचा कॅमेरा नोटिशीवर धरला की मराठी दिसतं. इंग्रजीचा प्रश्नच मिटला.

ए-३०४: अर्धाच मिटला. ‘रिटर्न’चं मराठी ‘परतावा’ करून मिळतं आणि ‘रिफंड’चंही ‘परतावा’. सरकारी मराठीत पहिलं विवरणपत्र, दुसरं परतावा. ‘परतावा दाखल झाला’ असं वाचून माणूस खात्यात पैसे यायची वाट बघत बसतो. ‘डिमांड’ची ‘मागणी’ होते, पण तिचा अर्थ बाकी निघाली, भरा. ‘एक्झेम्प्शन’, ‘डिडक्शन’, ‘रिबेट’ तिन्हींना ‘सूट’. पहिलं उत्पन्नातच न धरणं, दुसरं उत्पन्नातून वजावट, तिसरं ठरलेल्या करातून माफी. एकाच्या जागी दुसरं धरलं तर आकडे कुठच्या कुठे जातात.

सी-२०१: नोटीस खरी की बनावट हेही कॅमेरा सांगत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रावर डीआयएन म्हणजे दस्त ओळख क्रमांक असतो. ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करता तो तपासता येतो. सीएला फोन करण्याआधी हे करा, निम्मी धास्ती तिथेच जाते. आणि मुदत बघा. रिटर्न सदोष आहे असं पत्र आलं तर साधारण १५ दिवस मिळतात. भाषांतर करत बसण्यात आठवडा जातो.

बी-००३: म्हणजे मालवणी बोलणारो सीए होयो, ह्यां बरोबर मा?

ए-३०४: बोलणारा हवाच, पण तेवढ्यावर भागत नाही. गोड मालवणीत ‘तुम्ही काळजी करू नकात, मी बघतंय’ म्हणणारा आणि मालवणीत हिशेब समजावणारा, यांत फरक आहे. पहिल्या भेटीत तीन-चार प्रश्न टाका, उत्तरावरून माणूस कळतो. वहिनींच्या केसचेच घ्या.

‘बागेचं उत्पन्न दाखवायचं का?’ उत्तर ‘शेती करमुक्त आहे, सोडून द्या’ असं आलं तर सावध. शेतीचं उत्पन्न करमुक्त खरं. पण ते ५ हजारांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर काढताना ते जमेस धरतात. रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं.

‘फॉर्म कुठला?’ पेन्शन आहे म्हणून ‘आयटीआर-१’ म्हणाला तर उठा. होमस्टे धंदा आहे, तो त्या फॉर्मात बसत नाही. ‘आयटीआर-४’ म्हणाला तर अर्ध्या वाटेवर आलाय. होमस्टेसाठी गृहीत नफ्याची योजना लागू होऊ शकते, म्हणजे रोखीच्या जमेवर ८ टक्के, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के नफा धरायचा. पण शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर गेलं की आयटीआर-४ बाद, आयटीआर-३ लागतो. हे कुणी न विचारता सांगितलं तर माणूस जाणकार.

‘आंबा विकला, काजूही विकला, सगळं शेतीच ना?’ आपल्या बागेतला आंबा विकला तर शेती. दुसऱ्याच्या बागेतला विकत घेऊन पुढे विकला तर व्यापार. रस काढून डबे भरले की त्या प्रक्रियेचा नफा धंद्याचा. काजू बी विकली तर शेती, कारखान्यात गर काढून विकला तर नफ्याचा एक भाग धंद्यात जातो. हे ज्याला मराठीत फोड करून सांगता येतं, त्याला विषय कळलाय. ‘ते टेक्निकल आहे’ म्हणून जो टाळतो त्याची अडचण भाषेची नाही.

बी-१०२: होमस्टेवर एक विचारायचंय. दोन खोल्या म्हणजे भाडंच ना?

ए-३०४: नाश्ता, चादरी, साफसफाई देत असाल तर धंदा. नुसती खोली महिन्याने भाड्याला दिली तर घरभाडं, त्यात ३० टक्के सरसकट वजावट मिळते. नवीन माणसाने हे विचारायलाच हवं. जीएसटीची नोंदणी सेवेला २० लाखांच्या उलाढालीपासून. दोन खोल्यांना तूर्त चिंता नाही, पण ॲपवरून आलेल्या बुकिंगच्या रकमा एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडे आपल्या नावावर नोंदलेल्या व्यवहारांच्या तक्त्यात, दिसू शकतात. त्या लपवू नका.

सी-२०१: आता माझा हट्टाचा मुद्दा: पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे? कितीतरी ठिकाणी सल्लागाराच्या ऑफिसचा असतो. मग नोटीस त्याच्या ईमेलला जाते, ऑफिसातल्या पोराने वाचली नाही तर घरच्यांना पत्ताच लागत नाही. सासऱ्यांचाच नंबर आणि घरचाच ईमेल प्राथमिक म्हणून ठेवा. सीएचा हवा तर दुय्यम. पासवर्ड वाटायचीही गरज नाही. लॉगिन करून ‘ऑथराइज्ड पार्टनर्स’मध्ये ‘माय चार्टर्ड अकाउंटंट’ आहे, तिथे सीएचा सदस्य क्रमांक टाकून त्याला जोडता येतं, नंतर काढूनही टाकता येतं.

आणि ओटीपी. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करावी लागते, बहुतेक जण आधारच्या ओटीपीने करतात. तो फोनवर सांगून टाकणं म्हणजे न वाचता सही करणं. आधी ‘कॉम्प्युटेशन’चं म्हणजे कराच्या हिशेबाचं पान मागा. त्यात चारच जागा बघायच्या: एकूण उत्पन्न, वजावटी कुठल्या, कर भरायचा की परत मिळायचा, आणि परतावा कुठल्या खात्यात. आकडे आहेत, इंग्रजी अडत नाही. वजावटीत न दिलेली देणगी किंवा न भरलेला विमा दिसला तर ओटीपी द्यायचा नाही.

बी-००३: पण रिफंड वाढवून देणारे लय आसत. पयसे येतत मा?

सी-२०१: येतात, आणि परत जातात. राजकीय पक्षाला देणगी दिली, घरभाडं भरलं असं खोटं दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांमागे खातं लागलेलं आहे. उत्पन्न चुकवून दाखवल्याचं ठरलं तर दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के, वर व्याज. हा दंड रिटर्न ज्याच्या नावावर त्याला. ‘रिफंडच्या इतके टक्के फी’ असा भाव सांगणाऱ्याच्या दारातून मागे फिरा. सीएला रिफंडच्या टक्क्यावर फी घ्यायची मनाई आहे, त्यामुळे तो भावच सांगून जातो की समोर कोण बसलाय.

ए-३०४: फीबद्दल एवढंच: रक्कम आधी ठरवा, आणि त्यात नोटिशीचं उत्तर येतं की वेगळं ते लिहून घ्या. पावती घ्या. कराचे पैसे मात्र सल्लागाराच्या जीपेवर कधीच नाहीत. चलन आपल्या खात्यातून भरायचं. चलनावर बँकेचा सात अंकी बीएसआर कोड, तारीख आणि पाच अंकी अनुक्रमांक असतो. हे तिन्ही नसतील तर कर भरला गेला असं धरू नका.

ए-१०१: कलमांचे नंबर पाठ करायचे का मग? 😄

ए-३०४: मुळीच नको. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात कलमांचे क्रमांकच बदललेत. ८०सी, १४३ असे आकडे तोंडावर फेकणाऱ्यापेक्षा अर्थ सांगणारा धरा.

सचिव: विषय निघालाच आहे तर सोसायटीच्या ऑडिटरचंही बोलून घेऊ. सभेत हात वर करून मोकळे होतो आपण.

सी-२०१: सोसायटीला नियम वेगळे, आणि भाषेच्या बाबतीत सोपे. ऑडिटर सीएच पाहिजे असं नाही. राज्य शासनाने मंजूर केलेल्या नामतालिकेतला (पॅनेलवरचा) हवा, तिच्यात प्रमाणित लेखापरीक्षकही असतात. नेमणूक सर्वसाधारण सभेत, आणि एकच ऑडिटर सलग तीन वर्षांच्या वर नाही. ऑडिट आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत म्हणजे ३१ जुलैपर्यंत, सभा ३० सप्टेंबरपर्यंत. अहवालातले दोष दुरुस्त करून ‘ओ’ नमुन्यातला अहवाल तीन महिन्यांत द्यायचा. तो राहिला की पुढच्या ऑडिटमध्ये तेच शेरे पुन्हा.

अहवाल मराठीत मागा. आपलं दप्तर मराठीत, उपविधी मराठीत, सहकार खात्याचा पत्रव्यवहार मराठीत, मग अहवालच इंग्रजीत का? नेमणुकीच्या पत्रातच तसं लिहा, नंतर मागितलं तर ‘वेगळा चार्ज’ निघतो.

आपले हिशेब जो लिहितो, त्यालाच ऑडिटर करायचं नाही. स्वतःचीच वही तपासणार, चूक सापडणार कशी? आधीचा ऑडिटर सीए असेल आणि नवीनही सीए असेल, तर नव्याने जुन्याला लेखी कळवल्याशिवाय काम घ्यायचं नसतं. ‘कळवलं का?’ एवढं विचारा. कधी कधी जुन्याने का सोडलं ते तिथेच कळतं.

सचिव: ठीक. सभेच्या विषयपत्रिकेत घेतो. नामतालिकेतला क्रमांक आणि अहवालाची भाषा दोन्ही ठरावात टाकू.

बी-१०२: खूप उपयोग झाला. शनिवारी एकांना भेटायला जातोय. सोबत काय न्यायचं?

ए-३०४: पॅन, आधार, मागच्या दोन वर्षांचे रिटर्न पोचपावतीसह (पोचपावतीचा नंबर पंधरा अंकी), बँकेचे १ एप्रिल ते ३१ मार्चचे उतारे, पोर्टलवरून काढलेलं एआयएस, पेन्शनचा दाखला, होमस्टेच्या बुकिंगचा हिशेब, दलालाच्या आंबापट्ट्या. सगळ्याच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद कुणाच्याही ऑफिसात ठेवून यायचे नाहीत.

बी-१०२: बाग सासरे आणि दोन दीर यांच्या नावावर सामाईक आहे. सातबारा न्यायचा का?

ए-३०४: न्या, आठ-अ पण. तिघांच्या हिश्शाप्रमाणे उत्पन्न वाटून दाखवायचं की सगळं एकाकडे, हा त्यांना पहिला प्रश्न पडायला हवा. नाही पडला तर तुम्ही विचारा.

बी-००३: आनी येताना आमका सांगा काय म्हणालो तो. माझ्या झिलाचा पण आसा.